विश्वेश्वरय्या आणि सीपीयूचा कोटा

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपण म्हैसुरी पगडीवाल्या एका फोटोला हार घालतो, पाहुणे बोलायला उठतात आणि आपण मागच्या दाराने कॅन्टीनला सटकतो. मीही दोन वर्षं तेच केलं (खोटं कशाला बोलू!). या वर्षी मात्र त्या फोटोतल्या माणसाची मला गरज पडली, तीही ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलमुळे. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी कच्चं आहे, सांभाळून घ्या.

झालं असं, की सबमिशनच्या दिवशी एका मित्राच्या प्रोग्रॅमने सर्व्हरवर शंभरेक थ्रेड सुरू केले आणि प्रत्येकात न संपणारा लूप! सगळ्यांचं काम ठप्प. सरांनी मग त्याच्यावर कोटा लावला. लिनक्समध्ये ही सोय २०१२ पासून आहे. समजा १०० मिलिसेकंदांच्या एका फेरीत २० मिलिसेकंद दिले, तर तेवढे वापरून झाले की शेड्युलर त्या कामाला पुढच्या फेरीपर्यंत थांबवून ठेवतो. सीपीयू रिकामा असला तरीही! मला हे पटेना. नुसती प्रायॉरिटी कमी केली असती तर गर्दीत तो मागे राहिला असता आणि गर्दी नसताना त्याला सगळा सीपीयू मिळाला असता. रिकाम्याला अडवायचं कशाला?

हा वाद डोक्यात घेऊनच मी आरमोरीकडे मामाच्या गावी गेलो. तिथे धानाला मामा तलावाचं पाणी मिळतं (माझ्या मामाचा नाही हो, माजी मालगुजारी!). धान लोंबीवर आलेलं, शेवटच्या पाण्याची वेळ. वरच्या बांध्या तुडुंब भरलेल्या आणि मामाची बांधी टोकाला, तिला भेगा पडलेल्या. मामा रात्र रात्र पाटावर बसून होता. मला वाटलं, हे तर आमच्या सर्व्हरसारखंच झालं! परत आल्यावर लायब्ररीत पाण्याच्या वाटपावर शोधत बसलो, आणि सापडले ते आपले पगडीवाले.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा जन्म कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचा, १८६१ चा. वडील लहानपणीच गेले. बंगळूरला शिकवण्या घेऊन ते बी. ए. झाले आणि म्हैसूर सरकारच्या स्कॉलरशिपवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. तेच आजचं सीओईपी. १८८३ मध्ये इंजिनियरिंगला पहिले आले आणि १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक, धुळे, पुणे अशी नोकरी केली. खडकवासल्याची आपोआप उघडणारी दारं, हैदराबादचं पूरनियंत्रण, कृष्णराजसागर, म्हैसूरची दिवाणगिरी, १९५५ चं भारतरत्न हे सगळं पाहुणे सांगतातच. नीरेच्या कालव्याबद्दल मात्र मी कधी ऐकलं नव्हतं.

हा कालवा १८७६-७७ च्या दुष्काळानंतर बांधलेला. पण वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी भरमसाट ऊस लावला. त्यांच्या जमिनी पाणथळ होऊ लागल्या आणि खालची गावं कोरडी राहिली. १८९९ मध्ये पुणे जिल्ह्याचे कार्यकारी अभियंता झालेल्या विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. गावागावांत योग्य जमिनीचे ठरावीक पट्टे आखायचे, पाणी त्यांनाच द्यायचं. त्यातही ऊस साधारण एक तृतीयांश भागात, बाकीच्यात कमी पाण्याची पिकं, आणि दरवर्षी पिकांची अदलाबदल. वरच्या लोकांनी विरोध केला, साहजिकच!

इथे माझी ट्यूब पेटली. पावसाळ्यात पाणी भरपूर असतं, तेव्हा ऊस वाढवला तर काय बिघडलं? बिघडतं उन्हाळ्यात. ऊस वर्षभर शेतात उभा. एकदा लावला की मध्येच पाणी तोडता येत नाही, तोडलं तर पीक जळतं. प्रोसेसचं तसं नाही. तिला मध्येच थांबवलं तरी रजिस्टर सांभाळून ठेवता येतात, पुढच्या फेरीत ती जिथे होती तिथून सुरू होते, तिला पत्ताही लागत नाही. म्हणून शेड्युलर आधी काम सुरू करू देतो आणि मग अडवतो. विश्वेश्वरय्यांना लावणीच्या आधीच हद्द आखावी लागली. पाणी दिसतं तेव्हा दिलेला ‘हो’ मार्च-एप्रिलमध्ये वसूल होतो, आणि तोही खालच्या गावाकडून. माझ्या मते त्यांच्या मोठ्या धरणांपेक्षा ही कागदावरची आखणीच जास्त अवघड होती, कारण इथे भिंत नाही तर माणसं आडवी येणार होती.

१४ एप्रिल १९६२ ला, शंभरी ओलांडून, ते गेले.

हे सगळं मी मामाला फोनवर सांगितलं. नीरेचा ऊस आणि आपलं धान वेगळं, हे त्याने आधीच बजावलं. पण पट्टे आखून प्रत्येकाचं पाणी ठरवायची कल्पना त्याला आवडली. फक्त रात्री गेटजवळ कोण बसणार, एवढं त्याने विचारलं. सर्व्हरवर ते काम टायमर करतो. मामाला काय सांगावं, ते मला अजून सुचलेलं नाही.