विश्लेषक बुद्धीला भावनेची ओल

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला जॉन स्टुअर्ट मिल सिद्धांतांच्या रूपाने भेटतो. त्या सिद्धांतांमागील माणूस क्वचितच भेटतो. बुद्धी आणि मनोवृत्ती यांचे नाते किती निकटचे असते, हे मात्र त्याच्या चरित्रातूनच उमगते.

मिलचा जन्म १८०६ साली लंडनला झाला. वडील जेम्स मिल यांनी त्याला शाळेत न घालता घरीच शिकविले. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, तेराव्या वर्षी रिकार्डोचे अर्थशास्त्र! प्रत्येक विधान तपासून घ्यावयाचे, ही शिस्त अंगी बाणली. भावनेला त्या शिक्षणक्रमात फारसे स्थान नव्हते. १८२३ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नोकरीस लागला.

१८२६ मध्ये, अवघ्या विशीत, त्याने स्वतःला एक प्रश्न विचारला : ज्या सुधारणांसाठी आपण झटतो त्या सर्व साध्य झाल्या, तर आपण सुखी होऊ काय? अंतर्मनाने नकार दिला. पुढील हिवाळा घोर औदासीन्यात गेला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्याचे काम थांबले नाही. वादसभेतील भाषणेही चालू राहिली; पण ती केवळ सवयीच्या बळावर. त्या वर्षीच्या भाषणांतले पुढे त्याला जवळजवळ काहीच आठवेना. तर्क शाबूत होता, त्यामागील प्रेरणा आटली होती.

मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणींतील, पित्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला आधार देऊ पाहणाऱ्या मुलाचा प्रसंग वाचताना त्याला अश्रू आवरेनात, आणि मनावरचे ओझे हलके झाले. १८२८ मध्ये वर्ड्‌स्वर्थच्या कवितेने त्याला आणखी सावरले. विश्लेषणाची सवय एकटीच वाढली, तर ती भावनेची मुळे पोखरते, हे त्याने ओळखले. त्याने विश्लेषण टाकले नाही. त्याला भावनेची जोड दिली.

१८४३ चा त्याचा तर्कशास्त्रावरील ग्रंथ या शिस्तीची साक्ष देतो. १८४८ च्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात मात्र संपत्तीचे वाटप समाजाच्या हाती आहे, हे त्याने ठासून मांडले. अखंड वाढीच्या चढाओढीपेक्षा एकांत व निसर्ग यांचे मोलही त्याला मोठे वाटले. अशी दृष्टी नुसत्या आकडेमोडीतून येत नाही. आगरकरांवर ज्याच्या विचारांचा खोल ठसा उमटला, तो मिल असा होता.

उदास विद्यार्थ्याला आपण आळशी ठरवून मोकळे होतो; आणि तो वह्या वेळेवर पुऱ्या करीत असेल, तर आपले त्याच्याकडे लक्षही जात नाही. मिलचेही काम त्या हिवाळ्यात वेळेवर होत होते, हे शिक्षकांनी विसरू नये.