जुनी चाल, नवे पद : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज

नागपूरहून बैतूलच्या रस्त्याला लागले की महाराष्ट्राची हद्द ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर पांढुर्णा येते. राज्य मध्य प्रदेश, कारभाराची भाषा हिंदी. पण पांढुर्णा व सौसर या तालुक्यांतील असंख्य घरांत मराठीच बोलली जाते. इथल्या भजनी मंडळापुढे संध्याकाळी एक साधा प्रश्न असतो. आज कोणते पद घ्यायचे? मंडळी गायक नसतात. शेतातून, संत्र्याच्या बागेतून घरी परतलेली असतात. सर्वांना येईल, सर्वांना कळेल, असे काहीतरी हवे असते. या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आयुष्यभर शोधले ते तुकडोजी महाराज हद्दीपलीकडच्या अमरावती जिल्ह्यातले.

यावली येथे ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मलेल्या माणिक बंडोजी इंगळे यांचे वडील शिवणकाम करीत. शिक्षण प्राथमिक वर्गांतच थांबले. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. तुकड्या हे नाव त्यांनीच दिले आणि पुढे पदांच्या अखेरीस तीच मुद्रा आली. रामटेक, सालबर्डी, रामदिघी येथील अरण्यांत त्यांनी साधना केली. सालबर्डी हे बैतूल जिल्ह्याच्या सीमेवरचे ठिकाण. १९३५ मध्ये तेथे झालेल्या महारुद्र यज्ञाला प्रचंड जनसमुदाय लोटला आणि तुकडोजींचे नाव वऱ्हाड-नागपूरपलीकडे गेले.

त्यांच्या हाती खंजिरी असे. गोमंतकीय भजनाची सवय असलेल्या कानाला हे भजन प्रथम उघडेबोडके वाटते. आपल्याकडे रागदारीचा पाया, पखवाजाची साथ आणि तयार गळा यांचे महत्त्व मोठे. खंजिरी भजनात ठेका सोपा आणि शब्द पुढे. वाद्य खांद्यावरच्या पिशवीत मावते, आणि ज्याला स्वर सापडत नाही तोही टाळ्यांनी साथ करू शकतो. ही उणीव नव्हे, हेतुपूर्वक केलेली निवड होती, असे त्यांची छापील भजने चाळताना जाणवते.

त्या भजनांत अनेक पदांच्या डोक्यावर चालीचा निर्देश आढळतो. तेव्हा लोकांच्या ओठी असलेले एखादे गाणे घ्यायचे, त्याची चाल तशीच ठेवायची आणि शब्द आपले घालायचे. गुरूवाचून, स्वरलिपीवाचून पद दुसऱ्या गावी पोहोचते. गणेशोत्सवातील मेळेही नाटकांच्या चालींवर पदे रचीत, तेव्हा युक्ती नवी नव्हती. मात्र मेळा काही दिवसांचा. तुकडोजींची मंडळे बारमाही गाणारी होती. देवाच्या पदाला संसारी गाण्याची चाल शोभते का, अशी शंका सोवळ्या मनाला येईलच. चालीचे कुळ त्यांनी पाहिले नाही; ती किती जणांना येते, एवढे पाहिले. भाषेचेही तसेच. त्यांनी मराठीत लिहिले आणि हिंदीतही लिहिले. पांढुर्ण्यासारख्या दुभाषी मुलखात त्याचे मोल फार.

१९३६ मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून ते सुमारे महिनाभर सेवाग्रामला राहिले. त्यानंतर पदांत देवाबरोबर देशही ठळकपणे आला. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर आणि आष्टी येथे उठाव झाला. त्या परिसरात त्यांची भजने घुमत होतीच. त्याच महिन्यात त्यांना चंद्रपूरला अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत डिसेंबरपर्यंत ठेवण्यात आले. कोणते पद गावे, या निवडीची किंमत अशी मोजावी लागली.

१९४३ मध्ये अखिल भारतीय श्रीगुरुदेव सेवा मंडळ स्थापन झाले. पहाटे सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना असा क्रम लागला. प्रार्थनेची पदे ठरलेली, भजनाची मात्र मंडळाने निवडायची. ही विभागणी मला त्यांच्या कामातील सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. १९५५ मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेला ते गेले. त्याच वर्षी ग्रामगीता प्रसिद्ध झाली. तिचे ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्या. १९६२ आणि १९६५ च्या युद्धकाळात जवानांना धीर देण्यासाठी ते सीमेवरही गेले.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर व वऱ्हाड मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा-सौसर मध्य प्रदेशातच राहिले. भजनांना ही हद्द अडली नाही. २०२३ मध्ये हे दोन तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. आज मंडळांपुढे अडचण वेगळी आहे. पदाच्या डोक्यावर ज्या गाण्याचे नाव छापले आहे, ते गाणे तरुणांच्या कानांवरून कधी गेलेलेच नसते. म्हातारा गायक गेला की चालही जाते. मग पद सोडून द्यावे, की आजच्या एखाद्या गाण्याच्या चालीवर बसवावे? वडीलधाऱ्यांना दुसरा मार्ग रुचत नाही. महाराजांनी स्वतः तोच पत्करला होता.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज मोझरी येथे त्यांचे निधन झाले. आश्विन वद्य पंचमीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, त्यांच्या निर्वाणाच्या वेळी, तेथे जमलेला समुदाय मौन पाळतो.