नारायण वामन टिळकांची प्रार्थना

काही वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या सायंकाळी पाचोऱ्यातील एका ख्रिस्ती शिक्षकांनी आम्हांस आपल्या घरी बोलाविले होते. आम्ही पोहोचलो तो ओसरीवर टाळ वाजत होते, पेटीचा सूर लागला होता आणि अभंग चालला होता. चाळीस वर्षे हरिकीर्तनात घालविलेल्या माणसास अभंगाची चाल परकी कशी वाटावी? आम्ही नकळत ठेका धरला. शेवटच्या चरणी विठ्ठलाचे नाव येईल अशा अपेक्षेत असता नाव आले ते ख्रिस्ताचे. रचना रेव्हरंड नारायण वामन टिळकांची होती. आपले लोक प्रार्थना कशी करतात, असे आम्ही त्या सद्गृहस्थांस विचारले. त्यांनी बायबलातील मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय आमच्या हाती दिला. त्या अध्यायाचे आणि टिळकांच्या चरित्राचे नाते आम्हांस पुढे हळूहळू उमगले. तेच आज सणाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत. हा धर्मांतराचा पुरस्कार नव्हे; आमची निष्ठा पांडुरंगाच्या चरणी आहे आणि तेथेच राहील.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव करड्या स्वभावाचे, तर आई जानकीबाई कोमल अंतःकरणाची व काव्याची आवड असलेली. ही आई मुलाच्या कोवळ्या वयातच निवर्तली आणि मुलगा घरातून बाहेर पडला. पुढे नाशकात गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. 1880 च्या सुमारास जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांची पत्नी झाली, हीच लक्ष्मीबाई. संसार मात्र एका गावी स्थिरावला नाही. शिक्षकी, कीर्तन, काव्य, संपादन, सर्व काही झाले. मन कोठेच विसावले नाही.

1893 साली टिळक राजनांदगावास निघाले असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. त्या गृहस्थाने त्यांस नव्या कराराचे पुस्तक दिले आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांस ते तेव्हा पटले नाही. परंतु पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी दिले व पाळले. वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथून त्यांचे मन मागे फिरेना. प्रार्थनेचा उपदेश आहे तो याच प्रवचनाच्या मध्यभागी.

काय सांगितले आहे तेथे? सभास्थानी वा चव्हाट्यावर लोकांनी पाहावे म्हणून प्रार्थना करू नये. आपल्या खोलीत जावे, दार लावून घ्यावे आणि गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याशी बोलावे. आपणांस काय हवे ते मागण्यापूर्वीच त्यास ठाऊक असते. त्यापुढे येशूने शिष्यांस एक लहानशी प्रार्थना शिकविली. तिच्या पूर्वार्धात देवाचे नाव पवित्र मानले जावे, त्याचे राज्य यावे, त्याची इच्छा स्वर्गात तशी पृथ्वीवर व्हावी एवढेच आहे. भक्ताचे स्वतःचे गाऱ्हाणे उत्तरार्धात येते. त्यातही अन्न मागावयाचे ते आजच्या दिवसापुरते. माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्याची झोळी आम्हांस आठवली. तीतही उद्याचा घास नसतो. नंतर अपराधांची क्षमा मागावयाची, पण आपण दुसऱ्यास क्षमा केली आहे या आधारावर. सबंध प्रार्थनेतील याच एका कलमावर येशू लगेच पुन्हा भाष्य करतो: तुम्ही माणसांस क्षमा केली नाही तर पिताही तुम्हांस करणार नाही. त्याआधीच्या अध्यायात तर असे आहे की, वेदीवर नैवेद्य आणला असता भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे हे आठवले, तर नैवेद्य तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करून यावे.

एके ठिकाणी मात्र आमचे मन अडखळले. पुष्कळ बोलल्याने देव ऐकतो असे समजून व्यर्थ बडबड करू नये, असेही तेथे सांगितले आहे. नामस्मरणावर ज्याचा जन्म गेला त्यास हे बोचणारच. पण त्याच शुभवर्तमानात पुढे, मरणाच्या आदल्या रात्री, गेथशेमाने बागेत येशू स्वतः तीन वेळा प्रार्थना करतो आणि तिसऱ्या खेपेस तेच शब्द पुन्हा उच्चारतो असे वर्णन आहे. तेव्हा निषेध आवृत्तीचा नसून पोकळ आवृत्तीचा आहे, असा आम्ही अर्थ लाविला. दंभाने फिरविलेल्या माळेस आमच्या संतांनी तरी कोठे मान दिला आहे?

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर ही वार्ता वज्रासारखी कोसळली. लहानग्या दत्तूस घेऊन त्या पंढरपुरास नातलगांकडे राहिल्या. ही ताटातूट सुमारे पाच वर्षांची. जो ग्रंथ नैवेद्यापूर्वी समेट मागतो, त्या ग्रंथासाठी एका साध्वीचे घर मोडले, हे आम्हांस आजही सहजी गिळवत नाही. टिळकांचे तापटपण आणि विसराळूपण लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लपविलेले नाही; त्यात कडवटपणा मात्र शोधून सापडत नाही. त्या अहमदनगरास, आजच्या अहिल्यानगरास, पतीकडे आल्या तेव्हा त्यांचे सोवळे व स्वयंपाक वेगळा होता, आणि टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. पुढे त्यांनी आपल्या विचाराने जातिभेद सोडला आणि 1900 साली स्वतःही बाप्तिस्मा घेतला.

नगरास टिळकांनी धर्मशिक्षणाच्या शाळेत अध्यापन केले. 1904 साली त्यांस धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. त्या काळी मराठी ख्रिस्ती मंडळीत इंग्रजी गीतांची भाषांतरे विलायती चालींवर गाइली जात. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी टिळकांपूर्वीच ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. टिळकांनी ती वाट रुंद केली. अभंग, ओवी, पद, भजन हे सारे त्यांनी प्रार्थनेच्या सेवेस लाविले, कारण परक्या चालीत हृदय उघडत नाही हे त्यांस कळले होते. तुकोबांच्या अभंगांचे ऋण ते उघडपणे मान्य करीत. 'उपासनासंगीत' या प्रार्थनागीतांच्या पुस्तकात त्यांची पदे मोठ्या संख्येने आहेत. त्यांतील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. येशूने देवास पिता म्हणावयास शिकविले. टिळकांनी ख्रिस्तास माता आणि गुरू म्हणून आळविले. विठाई माउलीच्या मुलखातील हा संस्कार, की लहानपणी गमावलेल्या जानकीबाईंची ओढ? दोन्ही असावीत.

आमच्या खानदेशाशीही त्यांचा ऋणानुबंध आहे. 1907 साली जळगावी पहिले कविसंमेलन भरले, त्यास टिळक आले होते. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे तेथे बालकवी म्हणून गाजला आणि पुढे नगरास टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला. 5 मे 1918 रोजी जळगावनजीक भादली स्थानकापाशी आगगाडीखाली त्याचा अंत झाला. त्या रुळावरून जाताना आमचा हात आजही आपोआप जोडला जातो.

1917 साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसता येत असे. या मोकळेपणाने त्यांचे काही स्वधर्मीयही नाराज झाले. दरबार पुरता बसण्यापूर्वीच 9 मे 1919 रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. 1909 साली आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य सुरुवातीच्या थोड्या अध्यायांवरच थांबले होते. उरलेला बहुतेक भाग लक्ष्मीबाईंनी रचिला. ज्यांस बालपणी शाळा मिळाली नव्हती आणि लग्नानंतर ज्यांस अक्षरे शिकविली होती ती टिळकांनीच.