गगनविहारी जे. आर. डी. टाटा

पक्ष्यांप्रमाणे आकाशात विहार करावा, ही माणसाची फार जुनी इच्छा. आपल्या पूर्वजांनी पुष्पक विमानाची कल्पना केली, गरुडाच्या पाठीवर बसून जाणाऱ्या देवांच्या कथा रचल्या. परंतु यंत्राच्या बळावर माणूस प्रत्यक्ष हवेत उडाला तो १९०३ च्या डिसेंबर महिन्यात. अमेरिकेत सायकलींचे दुकान चालविणाऱ्या विल्बर आणि ऑर्व्हिल या राइट बंधूंनी तो पराक्रम केला. त्यानंतर सातआठ महिन्यांनी, २९ जुलै १९०४ रोजी, पॅरिस शहरी एका पारशी गृहस्थाच्या घरी मुलगा जन्मास आला. त्याचे नाव जहांगीर. विमानविद्या आणि हा मुलगा जणू एकाच वेळी बाल्यावस्थेतून वाढू लागले आणि पुढे त्यांची जन्माची मैत्री जडली.

जहांगीरचे वडील रतनजी दादाभाई टाटा हे थोर उद्योगपती जमशेटजी टाटा यांचे नातलग व व्यवसायातील सहकारी होते. आई फ्रेंच होती. विवाहानंतर तिने सूनी हे नाव घेतले. कुटुंबाचा मुक्काम कधी फ्रान्सात, कधी मुंबईस, तर काही काळ थेट जपानात असे. त्यामुळे जहांगीरच्या शाळा वरचेवर बदलत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र ही मंडळी फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्दलो या गावी राहावयास जात. योगायोग असा, की १९०९ साली इंग्लिश खाडी विमानातून प्रथम ओलांडणारा लुई ब्लेरिओ याचेही घर तेथेच होते. समुद्राच्या वाळूवर एखादे विमान भिरभिरत उतरे, गावची मुले धावत जात आणि त्या मुलांत जहांगीर सर्वांच्या पुढे असे. वयाच्या पंधराव्या वर्षी तेथेच त्याला विमानात बसून एक लहानशी फेरी मारावयास मिळाली. ती फेरी काही मिनिटांचीच होती. पण आपण वैमानिक व्हावयाचे, हा त्याचा निश्चय त्या काही मिनिटांत झाला.

निश्चय झाला, तरी तो पुरा होण्यास दहा वर्षे जावी लागली. १९२३ साली आईचे निधन झाले. पुढे केंब्रिज विद्यापीठात जाऊन यंत्रविद्येचा अभ्यास करावा, असे जहांगीरच्या मनात फार होते. परंतु १९२५ साली वडिलांनी त्याला मुंबईस बोलावून घेतले आणि पेढीवर बिनपगारी उमेदवार म्हणून कामास लावले. दुसऱ्याच वर्षी वडीलही वारले. धाकट्या भावंडांची आणि पेढीच्या कामाची जबाबदारी बाविसाव्या वर्षी त्या तरुणाच्या शिरावर आली. विद्यापीठाचे शिक्षण राहिले ते कायमचेच, आणि त्याची खंत त्यांना जन्मभर वाटत राहिली. पण खंत करीत ते बसून राहिले नाहीत. दिवसा कामात शिकावे आणि घरी आल्यावर पुस्तके वाचून शिकावे, असा क्रम त्यांनी ठेवला.

त्या काळी विमान शिकणे ही गोष्ट सोपी नव्हती. लष्करातील माणसे आणि अत्यंत धनिक लोक यांच्यापुरतीच ती विद्या होती. हे चित्र बदलले ते एका लहानशा विमानामुळे. १९२५ साली इंग्लंडातील जेफ्री डी हॅविलंड या विमानकाराने मॉथ नावाचे हलके विमान बनविले. मॉथ म्हणजे पतंग. त्याचा सांगाडा लाकडाचा, त्यावर ताणून बसविलेले कापड आणि पुढे एक छोटे इंजिन. पंख मागे दुमडता येत असल्यामुळे ते ठेवावयास मोठी जागाही लागत नसे. तरीसुद्धा एकट्या माणसाने ते विकत घेऊन सांभाळणे परवडण्यासारखे नव्हते. तेव्हा लोकांनी एक सुज्ञ युक्ती योजिली. अनेकांनी मिळून मंडळ स्थापावयाचे, विमान सर्वांचे, शिक्षक सर्वांचा आणि ज्याने जितका वेळ उडावे त्याने तितक्याच वेळेचे पैसे भरावे! असे फ्लाइंग क्लब प्रथम इंग्लंडात निघाले आणि १९२८-२९ च्या सुमारास ते भारतातही दिल्ली, कराची, मुंबई, कलकत्ता या शहरी सुरू झाले. सामान्य नोकरदाराच्या मुलालाही आता आकाशाची वाट मोकळी होऊ लागली.

मुंबईचा क्लब जुहूच्या मैदानावर होता. तो निघाल्याचे कळताच जहांगीर टाटांनी तेथे नाव नोंदविले. मॉथ विमानात एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका असत. पुढे शिक्षक बसे आणि मागे विद्यार्थी. इंजिनाचा घरघराट आणि वाऱ्याचा सोसाटा इतका असे, की शिक्षकाचे शब्द एका नळीवाटे विद्यार्थ्याच्या कानापर्यंत पोहोचवावे लागत. हातातील दांडा मागे ओढला, की विमानाचे नाक वर होई. पुढे लोटला, की खाली झुके. डावीउजवीकडे कलविला, की विमान त्या अंगास कलंडे. पायांखालच्या दट्ट्यांनी शेपटीचे सुकाणू फिरवावयाचे. हे सारे सांगावयास सोपे. परंतु हात, पाय आणि डोळे यांचा मेळ बसण्यास सराव लागतो. नाक फार वर केले, तर वेग मंदावतो आणि विमान दगडासारखे खाली येऊ लागते. सर्वांत कठीण काम उतरण्याचे. जमिनीपासूनचे अंतर डोळ्यांनीच अजमावून विमान हलकेच टेकवावयाचे असते. थोडक्याच तासांच्या शिक्षणानंतर शिक्षकाने जहांगीर यांस एकट्याने विमान नेण्याची परवानगी दिली. पुढची बैठक रिकामी, चूक सावरणारे कोणी नाही, अशा स्थितीत त्यांनी आकाशात फेरी मारली आणि सुखरूप उतरले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात देण्यात आलेल्या त्या परवान्यावर क्रमांक होता १!

त्याच वर्षाच्या अखेरीस आगाखान यांनी पाचशे पौंडांचे एक बक्षीस जाहीर केले. जो भारतीय इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास एकट्याने विमान चालवून ठराविक मुदतीत प्रथम पुरा करील, त्यास ते मिळावयाचे होते. तिघे तरुण पुढे झाले: मनमोहनसिंग, अस्पी इंजिनिअर आणि जहांगीर टाटा. अस्पी तर अवघे सतरा वर्षांचे होते. पहिले दोघे इंग्लंडहून भारताकडे निघाले; जहांगीर ३ मे १९३० रोजी कराचीहून इंग्लंडकडे निघाले. सोबतीस माणूस नाही, बिनतारी यंत्र नाही. होकायंत्र, नकाशा आणि खाली दिसणारा किनारा एवढ्यांच्या भरवशावर वाळवंटे आणि समुद्र ओलांडावयाचे होते.

वाटेत इजिप्त देशातील अबुकीर येथील विमानतळावर जहांगीर उतरले, तो तेथे आणखी एक मॉथ उभे असलेले त्यांना दिसले. चौकशी करता कळले, की ते अस्पींचे आहे. त्यांच्या इंजिनातील ठिणगी पाडणारे प्लग निकामी झाले होते आणि जवळ दुसरे नव्हते. मॉथच्या इंजिनास चार सिलिंडर आणि प्रत्येकास दोन प्लग असतात. ते नीट नसले, तर इंजिन चालत नाही. नवे प्लग येईपर्यंत अस्पींना तेथेच अडकून पडावे लागणार होते. स्पर्धेत ही संधी लहान नव्हे. जहांगीर काही न बोलता पुढे निघून गेले असते, तर त्यांना कोणी दोषही दिला नसता. कारण प्रतिस्पर्ध्याचे विमान त्यांनी बिघडविले नव्हते. पण आपल्या पेटीत जादा प्लग असताना समोरचा माणूस प्लगांवाचून थांबावा आणि आपण जिंकावे, हे त्यांच्या मनास पटले नाही. त्यांनी आपले प्लग अस्पींना दिले. अस्पींनीही कृतज्ञतेने समुद्रावरून जाताना उपयोगी पडणारे आपले तरंगते जाकीट त्यांना दिले. दोघे तरुण हात मिळवून विरुद्ध दिशांना निघून गेले.

११ मे रोजी अस्पी कराचीस पोहोचले. जहांगीर यांचा प्रवास पुरा होण्याच्या काही तास आधीच ही मजल त्यांनी मारली होती. मनमोहनसिंग यांची मुदत वाटेतच उलटून गेली होती. बक्षीस अस्पींना मिळाले. या विजयामुळे त्यांची कीर्ती झाली, पुढे हवाई दलात त्यांना प्रवेश मिळाला आणि १९६० साली ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. जहांगीर स्पर्धा हरले खरे. परंतु त्या हरण्याचे त्यांना कधी वाईट वाटले नाही. देशाला एक उत्तम हवाई सेनानी मिळण्यास त्यांच्या प्लगांचा हातभार लागला होता.

छंद म्हणून शिकलेली ही विद्या लवकरच देशाच्या कामी आली. १९२९ पासून इंग्लंडचे टपाल विमानाने कराचीपर्यंत येऊ लागले होते. पण तेथून पुढे आगगाडीच होती. समजा, इंग्लंडहून एक पत्र बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूर गावी जावयाचे आहे. हजारो मैल ते आकाशमार्गे येई; मग कराचीहून मुंबई आगगाडीने, मुंबईहून खामगावही आगगाडीने आणि शेवटी सडकेने अमडापूर! विमानाने वाचविलेला वेळ असा वाटेत खर्ची पडे. कराचीहून मुंबईमार्गे मद्रासपर्यंत हवाई टपाल न्यावे, अशी योजना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने टाटांकडे आणली. पेढीचे प्रमुख सर दोराबजी टाटा यांना हा व्यवसाय धोक्याचा वाटत होता. अखेर दोन लाख रुपयांवर भागवावयाचे, या अटीवर त्यांनी संमती दिली. सरकारकडून मान्यता मिळण्यासही कित्येक वर्षे गेली.

थोडक्या पैशांत काम उभे करावयाचे म्हणून थाटमाट मुळीच केला नाही. पस मॉथ जातीची एका इंजिनाची दोन विमाने, मोजके वैमानिक व कारागीर आणि जुहूच्या मैदानावर झावळ्यांनी शाकारलेली एक शेड, एवढाच संसार! पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा बिऱ्हाड पुण्यास हलवावे लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. स्वतः विमान घेऊन कराचीहून निघाले. जवळ टपालाच्या थैल्या होत्या, सुमारे २५ किलो वजनाच्या. अहमदाबादेस ते उतरले, तेव्हा विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणण्यात आले. जगातील सर्वांत नवे वाहन आणि सर्वांत जुने वाहन त्या दिवशी एकमेकांच्या शेजारी उभे होते! सुमारे एक हजार किलोमीटरचा प्रवास संपवून दुपारी दोन वाजण्यापूर्वी ते जुहूस उतरले. पुढे मद्रासपर्यंतचे टपाल व्हिन्सेंट यांनी नेले. भारतीय हवाई वाहतुकीचा प्रारंभ तो हा.

या इवल्या रोपट्याचा वृक्ष झाला. १९४६ साली या व्यवसायास एअर इंडिया हे नाव मिळाले आणि ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे तिचे विमान मुंबईहून लंडनला झेपावले. १९५३ साली सरकारने विमानवाहतूक आपल्या हाती घेतली. तो निर्णय जे. आर. डी. यांना रुचला नव्हता. तरीही आपण वाढविलेल्या संस्थेकडे त्यांनी पाठ फिरविली नाही. १९७८ पर्यंत तिचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. विमानातील पडदे स्वच्छ आहेत का, प्रवाशाला दिलेला चहा नीट झाला आहे का, येथवर त्यांची नजर असे. प्रवासात जे उणे दिसेल ते टिपून ठेवून ते अधिकाऱ्यांना कळवीत. लहान कामही नेटके झाले पाहिजे, हा धडा त्यांनी विमानातच घेतला होता. कारण आकाशात एखादा सैल खिळादेखील लहान नसतो.

१९३८ साली, चौतिसाव्या वर्षी, ते टाटा उद्योगसमूहाचे प्रमुख झाले आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळ त्यांनी ती धुरा वाहिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या स्थापनेस त्यांनी मोलाचे साहाय्य केले. स्वतःला विद्यापीठ लाभले नाही, पण विद्येची मंदिरे उभारण्यात ते मागे राहिले नाहीत. १९९२ साली भारत सरकारने त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान दिला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनीव्हा येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी लावलेली एअर इंडिया २०२२ च्या जानेवारीत पुन्हा टाटा समूहाकडे परत आली.

पहिल्या उड्डाणाला तीस वर्षे झाली, तेव्हा १९६२ साली त्यांनी कराची ते मुंबई हा प्रवास स्वतः विमान चालवून पुन्हा केला. पन्नास वर्षे झाली, तेव्हा १५ ऑक्टोबर १९८२ रोजी लेपर्ड मॉथ हे जुने एका इंजिनाचे विमान घेऊन ते पुन्हा कराचीहून निघाले. त्या वेळी त्यांचे वय ७८ वर्षांचे होते. मोठमोठी जेट विमाने त्यांच्या एका शब्दावर सज्ज झाली असती. तरी त्यांनी निवडले ते लहानसे विमानच. हार्दलोच्या वाळूवर विमानामागे धावणारा मुलगा त्या वृद्ध वैमानिकाच्या ठायी अजून जागा होता. दुपारी जुहूच्या धावपट्टीवर चाके हलकेच टेकली आणि जमलेल्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.