सर जोसेफ भोर

नाशिक शहरात द्वारका येथे मुंबई-आग्रा रस्त्यास पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. आजाऱ्यास घेऊन खेड्यांतून येणाऱ्या आमच्या पुष्कळ वाचकांस ती जागा ठाऊक असेल. आजाऱ्याने शहर गाठण्यापेक्षा दवाखान्यानेच खेडे गाठावे, अशी योजना ज्यांनी देशापुढे मांडली, त्या सर जोसेफ विल्यम भोर ह्यांचा जन्म ह्याच नाशकात ता. ६ एप्रिल १८७८ रोजी एका देशी ख्रिस्ती कुटुंबात झाला.

पुण्यास बिशप्स हायस्कूल व डेक्कन कॉलेज येथे आणि पुढे लंडनास शिकून ते सिव्हिल सर्व्हिसात शिरले. कोचीनची दिवाणगिरी, व्हाइसरॉयांच्या कार्यकारी मंडळात व्यापार व रेल्वे ही खाती, अशी मोठी पदे त्यांनी सांभाळली. सर्वांची यादी आम्ही देत नाही. ते स्वतः डॉक्टर नव्हते. त्यांच्या पत्नी मार्गारेट मात्र डॉक्टर होत्या.

१९४३ साली, बंगालात दुष्काळाने माणसे मरत असता, सरकारने देशाच्या आरोग्याची पाहणी करण्यास समिती नेमली व भोर साहेबांस तिचे अध्यक्ष केले. १९४६ साली तिचा अहवाल चार खंडांत निघाला. त्यातील आकडे वाचून आजही मन सुन्न होते. १९३७ साली ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १६२ बालके वर्ष पुरे होण्याच्या आत दगावली. एकंदर मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे दहा वर्षांच्या आतील मुलांचे असत. परिचारिका साऱ्या देशात सुमारे सात हजार, म्हणजे त्रेचाळीस हजार लोकांस एक! डॉक्टर होते तेही बहुतेक शहरांत.

पैसा नाही म्हणून कोणीही औषधोपचारास मुकू नये, हे समितीने आपल्या योजनेचे मूळ धरले. आरंभी चाळीस हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. तेथील डॉक्टरांस सरकारने पगार द्यावा. रोग बरा करणे व रोग होऊच न देणे ही दोन्ही कामे एकाच ठिकाणाहून चालावी. पुढे दहा ते वीस हजार वस्तीमागे पंचाहत्तर खाटांचे रुग्णालय व्हावे. गावोगाव पाच-सात जणांची आरोग्य समिती असावी, ही सूचना आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. कारण विहिरीजवळची घाण डॉक्टर काढीत नाही, ती गावालाच काढावी लागते.

१९५२ पासून केंद्रे उघडू लागली, परंतु विकासगटामागे एक, आणि खाटा सहाच. वस्तीचे प्रमाण पुढे सुधारले. सपाटीवर तीस हजारांस व सुरगाणा-पेठेसारख्या डोंगराळ आदिवासी भागात वीस हजारांस एक केंद्र, असा आज नियम आहे. पंचाहत्तर खाटा मात्र कागदावरच राहिल्या. भोर साहेब १९६० साली वारले, तेव्हाही त्या कागदावरच होत्या.