वसईचे सुपुत्र : संत गोन्सालो गार्सिया

भारतभूमीत जन्मास आलेल्या ज्या पुरुषास ख्रिस्तसभेने सर्वांत प्रथम संतपद दिले, ते गोन्सालो गार्सिया हे आपल्या वसईचेच सुपुत्र होत. त्यांचे नाव आपणांपैकी प्रत्येकाने बाळपणापासून ऐकले आहे. परंतु त्यांचे चरित्र मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. म्हणून ते येथे संक्षेपाने देत आहो.

इ. स. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती आली. त्यानंतर सुमारे बावीस वर्षांनी, म्हणजे १५५६ च्या आसपास, गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज व माता येथलीच. वसईच्या कोटात येशूसंघीय धर्मगुरूंची पाठशाळा होती. तेथे त्यांचे शिक्षण झाले. पुढे पोरवयातच ते त्या धर्मगुरूंसमवेत दूरच्या जपान देशी गेले. तेथील कठीण भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की, जपानी लोकांत धर्मशिक्षकाचे काम ते सहज करू लागले.

येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मोठी आकांक्षा होती. पण ती सफल झाली नाही. इतकी वर्षे ज्यांची सेवा केली, त्यांच्याच संघाचे दार बंद राहिले! दुसरा कोणी असता तर कडवटपणाने धर्मकार्यासच पाठमोरा झाला असता. गोन्सालो यांनी व्यापार आरंभिला व त्यात चांगला जम बसविला. तथापि धनाने त्यांच्या मनाची तहान भागली नाही. अखेर फिलिपाईन बेटांतील मनिला शहरी जाऊन ते फ्रान्सिस्कन संघात साधे ब्रदर झाले.

१५९३ साली मनिलाच्या गव्हर्नराने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे धाडिले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालो यांची निवड झाली. हा हिदेयोशी मोठा प्रतापी, परंतु तितकाच संशयी. १५८७ मध्येच त्याने मिशनऱ्यांस देश सोडण्याची आज्ञा केली होती. अशा पुरुषासमोर एकाचे बोलणे दुसऱ्यास चोखपणे सांगणे हे जोखमीचे काम होते. तरीही क्योतो येथे राहण्याची अनुमती मिळाली. तेथे या संघाने गोरगरिबांसाठी व महारोग्यांसाठी रुग्णालये चालविली.

१५९६ मध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागले. त्यातील माल जप्त झाला, आणि त्या प्रकरणात मिशनऱ्यांच्या मागून स्पेनचे सैन्य येणार असा संशय बळावला. हिदेयोशीने धर्मगुरूंस व त्यांच्या अनुयायांस देहान्त शिक्षा फर्माविली. एकंदर सव्वीस जण धरले गेले. त्यांत काही कोवळी मुलेही होती. क्योतोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. नंतर ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवीत त्यांस नागासाकीस नेले. ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर त्यांस क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारण्यात आले. गोन्सालो तेव्हा चाळिशीच्या घरात होते.

१६२७ मध्ये त्यांस धन्य, व ता. ८ जून १८६२ रोजी नवव्या पायस पोपमहाशयांनी संत म्हणून घोषित केले. नागासाकीच्या त्या टेकडीवर १९६२ साली सव्वीस मूर्तींचे स्मारक उभारले गेले. ५ फेब्रुवारी हा संत आगाथेचा दिवस असल्यामुळे या हुतात्म्यांचे स्मरण ख्रिस्तसभा दुसऱ्या दिवशी करते. वसईची रीत मात्र निराळी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी नाताळानंतरच्या पहिल्या पौर्णिमेस जो सोमवार जवळ पडे, त्या दिवशी येथे संतांचा मोठा उत्सव भरत असे.

चंद्र पाहून सण धरणारे लोक मातीला व पाण्याला धरून राहणारे असतात, आणि त्यांचे संतही त्यांच्या शेतावर येतात. रशियात संत जॉर्ज यांचा दिवस ता. २३ एप्रिलला, म्हणजे आपल्या पंचांगाने ६ मे रोजी येतो. थंडीभर गोठ्यात बांधलेली गुरे त्या दिवशी प्रथम कुरणात सोडावयाची, आणि झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादिलेल्या वाळुंजाच्या डहाळीने ती हाकावयाची, असा तेथील शेतकऱ्यांचा जुना परिपाठ. संत गुरांचे रक्षण करील असा त्यांचा भाव. पोळ्यास बैल सजविणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास तो सहज समजेल.

परंतु संत जॉर्ज यांच्या चरित्राभोवती दंतकथांचे दाट धुके आहे. आपल्या संतांचे तसे नाही. त्यांचा गाव, त्यांचा प्रवास व त्यांच्या मृत्यूचा दिवस आपणांस ठाऊक आहे. त्यांनी राक्षस मारिला नाही की राज्य जिंकिले नाही. ते परक्याची भाषा शिकले, नकार मिळूनही सेवा सोडली नाही, आणि दिलेले वचन प्राण देऊन पाळिले. बालमित्रहो, सणाच्या दिवशी नवे कपडे घालून आपण यात्रेस जातो, तेव्हा यांपैकी निदान एक गोष्ट मनाशी धरून घरी परतलो, तर तो सण खरोखर साजरा झाला असे म्हणता येईल.