कॅप्टन जेकब : अदृश्य ग्रहाचा वेध

विल्यम स्टीफन जेकब यांचा जन्म १८१३ साली इंग्लंडमध्ये झाला. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यात लष्करी अभियंता म्हणून ते आले व भूमापनाच्या कामात गुंतले. मन मात्र आकाशात रमले. १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारून त्यांनी युग्मताऱ्यांचे, म्हणजे परस्परांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्यांचे, वेध घेतले. १८४८ च्या अखेरीस ते मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईतील, नुंगंबाक्कम येथील वेधशाळेचे प्रमुख झाले.

तेथे भुजंगधारी तारकासमूहातील ७० क्रमांकाच्या युग्मताऱ्याने त्यांना कोड्यात टाकले. सूर्याहून काहीसे लहान असलेले हे दोन तारे सुमारे ८८ वर्षांत परस्परांभोवती एक फेरी पूर्ण करतात. गणिताने काढलेल्या मार्गावरून ते किंचित ढळलेले दिसत. एखादा न दिसणारा ग्रह त्यांना ओढत असावा, असे अनुमान जेकब यांनी १८५५ मध्ये प्रसिद्ध केले. मात्र ते संभाव्य म्हणून, सिद्ध म्हणून नव्हे.

प्रकृती ढासळल्याने १८५९ मध्ये त्यांनी पद सोडले. पुण्याच्या परिसरात उंचावर वेधशाळा उभारण्यासाठी ते ऑगस्ट १८६२ मध्ये परतले. पण काही दिवसांतच, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुण्यातच त्यांचे निधन झाले.

त्यांचा ग्रह पुढील संशोधनात खरा ठरला नाही. परंतु ताऱ्याच्या हालचालीवरून ग्रह ओळखण्याची दिशा योग्यच होती. कर्क तारकासमूहातील ५५ क्रमांकाच्या युग्मताऱ्यात सूर्यसदृश ताऱ्याभोवती पाच ग्रह आहेत. त्यांतील पहिला १९९६ मध्ये ताऱ्याच्या सूक्ष्म डोलण्यावरूनच सापडला.